सील न फोडलेली तीन पाकिटं

नॉरफोक, १४ मे २०२२

ती. मामांस,
सा. न.

महत्त्वाचं काही व्हॉट्सॲपवर लिहायचं नाही, मेल करायचा, असं तुम्ही निघताना विमानतळावर बजावलं होतंत, म्हणून हा मेल.

मी बरा आहे. अमेरिकेत येऊन तीन महिने झाले. तिकडे बहरीनला सीफच्या हॉटेलात जे करत होतो तेच इथेही करतो, म्हणजे सकाळी दोनशे अंडी. फक्त इथली माणसं अंड्यांविषयी जास्त प्रश्न विचारतात. हॅझेलला हॉस्पिटलात डबल शिफ्ट लागली आहे, त्यामुळे लग्नाची बायको मला बहुतेक वेळा फ्रीजवरच्या चिठ्ठीत भेटते.

काल घरी सरकारी पाकीट आलं. माझ्या नावाचं. आत छापील पत्र आणि फॉर्म. अठरा ते पंचवीस वयाच्या पुरुषांनी लष्करी भरतीच्या यादीत नाव नोंदवायचं असतं, सव्विसावा वाढदिवस व्हायच्या आत, असं काहीसं आहे. नागरिक असो की माझ्यासारखा बायकोमुळे ग्रीन कार्ड मिळालेला असो. मला जूनमध्ये चोवीस पूर्ण होतील.

मामा, मी बंदूक एकदाच धरली आहे, लांज्याच्या जत्रेत फुगे फोडायला. तेव्हाही सगळे फुगे वाचले होते. हे भरायचं की नाही? हॅझेलला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो.

तुमचा,
परीक्षित


सलमाबाद, २० मे २०२२, शुक्रवार

चि. परीक्षित यास मामाचे अनेक आशीर्वाद.

मेल मिळाला. दोनदा वाचला, आणि एकदा हिलरीला वाचून दाखवला. हिलरी म्हणजे आपला वसईवाला, सीफला हॉटेलच्या ऑफिसात बसतो तो. तो म्हणाला, "गणपत, अमेरिकेचं आपल्याला काय कळतंय? त्याला सांग, तिथेच कुणाला तरी विचार." हिलरीचं इंग्रजी चांगलं आहे, पण माणूस घाबरट.

मी बहरीनमध्ये सव्वीस वर्षं काढली ती कागदांच्या जोरावर. दर शुक्रवारी कामगारांच्या कॅम्पच्या मेसमध्ये निम्मी माणसं आपापली पाकिटं घेऊन माझ्यापुढे बसतात. हिलरी मला सुप्रीम कोर्ट म्हणतो. तो चेष्टेने म्हणतो, पण बाकीचे तसं समजत नाहीत आणि मीही त्यांना दुरुस्त करत नाही. तर सुप्रीम कोर्टाचा निकाल असा.

न समजलेल्या कागदावर सही करायची नाही. कुणी समोर येऊन मागितल्याशिवाय आपण होऊन कागद द्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे आमच्या कंपनीच्या स्टोअरचा नियम. ज्या पेटीचं सील आपण फोडलं नाही, ती पेटी आपल्याकडे आलीच नाही. बाहेर तारीख टाकायची, सील शाबूत असं लिहायचं आणि कोपऱ्यात ठेवून द्यायची. सील फोडलं की आतलं तुटकंफुटकं सगळं आपल्या गळ्यात.

या वेळचं पाकीट तू फोडलंस ते फोडलंस. तो कागद फेकून दे. मी आजवर कुणाला कागद फेकायला सांगितलेलं नाही, माझ्याकडे अठ्ठ्याण्णव सालचे गेटपास आहेत, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते समज. पुढचं पाकीट आलं तर फोडू नकोस. वर तारीख घालून फायलीत ठेव. एवढ्या मोठ्या देशाला अंडी उकडणाऱ्याची गरज पडली तर ते घरी येऊन विचारतील. आपल्या घराण्यात लढाया झाल्या त्या शेताच्या बांधावरून, आणि त्याही आपण हरलो.

हॅझेलला आशीर्वाद. तिला यात घालू नकोस, बायकांना कागदातलं कळत नाही असं नाही, पण त्या लगेच भरून टाकतात.

विषय खलास.

तुझा मामा,
गणपत


नॉरफोक, ९ मार्च २०२५

ती. मामांस,
सा. न.

फोनवर सांगायला धीर होत नाही, म्हणून तीन वर्षांनी पुन्हा मेल.

आधी चांगली बातमी. हॅझेलला बहरीनमध्ये नोकरी मिळाली आहे, मनामाच्या एका हॉस्पिटलात, सप्टेंबरपासून तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. घर हमद टाउनला घ्यायचं ठरवतोय. तुमच्यापासून गाडीने वीस मिनिटं.

आता दुसरी. ग्रीन कार्डवर इतकी वर्षं अमेरिकेबाहेर राहिलं तर कार्ड जातं. म्हणून मी नागरिकत्वाचा अर्ज केला होता. नागरिकाच्या नवऱ्याला तीन वर्षांनी करता येतो. परवा मुलाखत झाली. सगळं ठीक चाललं होतं. राष्ट्राध्यक्ष किती वर्षांसाठी निवडतात तेसुद्धा बरोबर सांगितलं. मग त्या बाईंनी अर्जातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. लष्करी भरतीच्या यादीत नाव नोंदवलं आहे का? तिथे मी 'नाही' लिहिलं होतं.

त्यांनी विचारलं, का नाही? माझ्या तोंडून निघालं, "माय अंकल."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मामा, इथे पन्नासहून जास्त वर्षांत कुणाला सक्तीने सैन्यात नेलेलं नाही. नुसती यादी आहे ती, पाच मिनिटांचं काम होतं. आता मी सव्वीस ओलांडले, त्यामुळे नाव घालतो म्हटलं तरी घेत नाहीत. मी हे जाणूनबुजून टाळलं नाही, असं मला पुराव्यानिशी दाखवायचं आहे. बऱ्याच जणांची नोंद व्हिसाच्या अर्जातून परस्पर होते म्हणे. मी माझ्या सोशल सिक्युरिटी नंबरने शोधून पाहिलं, काही निघालं नाही.

पटलं नाही तर अर्ज नामंजूर. मग एकोणतीस होईपर्यंत थांबायचं, त्यानंतर हा प्रश्न आड येत नाही. म्हणजे दोन वर्षं हॅझेल तुमच्याकडे आणि मी इथे अंड्यांपाशी.

पुन्हा बोलावलं आहे २२ एप्रिलला. ज्याने सल्ला दिला त्याचं शपथेवर निवेदन हवं. मराठीत लिहिलंत तरी चालेल, हिलरीकाकांकडून इंग्रजी करून घ्या.

परीक्षित


सलमाबाद, १४ मार्च २०२५

चि. परीक्षित यास आशीर्वाद.

तुझा मेल स्टोअरमध्ये उभ्याने वाचला आणि मग लाकडी पॅलेटवर बसलो. रमजान असल्यामुळे दुपारी सुट्टी होते, नाहीतर लोकांनी पाहिलं असतं.

घाबरू नकोस. मामा आहे. निवेदन खाली दिलं आहे. तीन दिवस लागले, पण ठसठशीत झालं आहे.

"मी, गणपत सोनू नार्वेकर, वय ५१, बहरीन येथील एका नामांकित कंपनीच्या भांडार विभागाचा प्रमुख, शपथेवर लिहून देतो की, गेली एकोणतीस वर्षं मी असंख्य कामगार बांधवांना व्हिसा, पासपोर्ट व करार या विषयांवर विनामूल्य मार्गदर्शन करीत आलो आहे. माझा सल्ला आजवर कधीही चुकलेला नाही. सदर प्रकरणी माझ्या भाच्याने माझ्याशी सविस्तर विचारविनिमय केला व आम्ही सर्व बाजूंचा साधकबाधक विचार करूनच नाव न नोंदवण्याचा निर्णय घेतला."

भांडार विभागात माझ्या हाताखाली कुणी नाही हे खरं, पण मग प्रमुख कोण म्हणायचं? हिलरीने इंग्रजी करून दिलं. करताना तो दोनदा चष्मा काढून माझ्याकडे बघत बसला. म्हणाला, "हे पाठवणार तू?" मी म्हटलं, "यल्ला, चल, टाइप कर."

मामा


नॉरफोक, १७ मार्च २०२५

ती. मामांस,

इथल्या मदतकेंद्रात सुनीताबाई म्हणून आहेत, नाशिककडच्या. लोकांचे असले फॉर्म तपासून देतात. त्यांनी तुमचं निवेदन वाचलं आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

त्या म्हणाल्या, "हे दिलंत तर आजच नामंजूर होईल. सगळ्या बाजूंचा विचार करून नाव घातलं नाही, म्हणजेच जाणूनबुजून. आपल्याला याच्या उलट सांगायचं आहे. असा सल्ला देणारा माणूस हवा ज्याचं चुकलं."

मी म्हटलं, "त्यांचं चुकलंच आहे."

"मग त्यांना तसं लिहू दे. आणि का चुकलं ते. कारण नसलेली चूक कुणाला खरी वाटत नाही."

मामा, राग मानू नका. हॅझेलला आता सगळं सांगितलं आहे. ती रागावली, मग म्हणाली, "टेल मामा टू बी ऑनेस्ट, नॉट ग्रेट." यातलं ग्रेट तुम्हाला लागेल असं मला वाटतंय.

परीक्षित


सलमाबाद, २१ मार्च २०२५

चि. परीक्षित,

लागलं. ग्रेट नाही, ऑनेस्ट लागलं.

आधी रागाच्या भरात दुसरं निवेदन लिहिलं. त्यात मी स्वतःला निरक्षर, मंदबुद्धी आणि उन्हामुळे स्मृती गेलेला केलं. हिलरी म्हणाला, "आता हे कुणी खरं मानणार नाही. एवढा मूर्ख माणूस इतकं चांगलं लिहीत नाही." दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. मग आज त्याच्याच खोलीवर जाऊन तिसरं लिहिलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, त्यालाही नाही. फार तर एक पान आहे.

"मी, गणपत सोनू नार्वेकर, वय ५१, सलमाबाद येथे स्टोअरकीपर. शिक्षण दहावी.

१९९७ च्या जानेवारीत, मला इथे येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, कंपनीने आमच्या खोलीतल्या बारा जणांपुढे एकेक कागद ठेवला. अरबी आणि इंग्रजीत होता. आदल्या आठवड्यात थंडीची ब्लँकेटं वाटली होती. मला वाटलं, त्याचीच पोच असणार. नुमान नावाचा क्लार्क होता, भला माणूस. तो म्हणाला, वाचून दाखवू का? बारा जणांत इंग्रजी सही करता येणारा मी एकटा. मी म्हणालो, नो प्रॉब्लेम, आय नो. आणि सही केली, खाली रेघ ओढून. बाकीच्या अकरा जणांनी नुमानकडून वाचून घेतलं आणि सही केली नाही. ते अडाणी होते.

कागद असा होता की मी माझी त्या वर्षीची सुट्टी राजीखुशीने पुढच्या वर्षावर ढकलतो. मे महिन्यात माझ्या एकुलत्या एका बहिणीचं लग्न होतं. एप्रिलमध्ये सुट्टी मागायला गेलो तेव्हा नुमानने तो कागद काढून दाखवला. माझीच सही, माझीच रेघ.

घरी मी कळवलं की गणपतशिवाय स्टोअर बंद पडेल असं साहेब म्हणतात. त्या वेळी माझं काम पेट्या उचलण्याचं होतं.

तेव्हापासून मला न समजलेला प्रत्येक कागद सापळा वाटतो. ही भीती होती. पण वर्षं गेली तशी ती मी लोकांना अनुभव म्हणून सांगू लागलो आणि लोक पाकिटं घेऊन येऊ लागले. भाच्याने अमेरिकेतल्या पत्राबद्दल विचारलं तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. माझा मित्र म्हणाला, तिथेच कुणाला तरी विचारू दे. मला तेही सांगता आलं नाही, कारण 'मला माहीत नाही' हे वाक्य मी तेव्हा पंचवीस वर्षं बोललेलो नव्हतो. मी त्याला पत्र फेकायला सांगितलं. तो माझं ऐकतो. चूक माझी आहे."

हिलरीने टाइप केलं. या वेळी चष्मा काढला नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "रेघ ओढून सही करतोस ना अजून?" मी केली. रेघ नाही ओढली.

सोबत त्या सत्त्याण्णव सालच्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे. हो, आहे माझ्याकडे. मी काही फेकत नाही.

एक विनंती. हे तुझ्या आईला दाखवू नकोस. मालूला अजून वाटतं की तिचा भाऊ लग्नाला आला नाही कारण तो फार मोठा माणूस होता. तेवढं राहू दे.

मामा


नॉरफोक, २२ मार्च २०२५

ती. मामांस,

तुमचा मेल आला तेव्हा मी कामावर होतो. न वाचताच तो हॅझेलकडे पुढे पाठवला आणि सांगितलं, निवेदन सुनीताबाईंना पाठव. त्यांनी ताबडतोब सांगितलं, लग्नाच्या तारखेचा पुरावा जोडा, पत्रिका असली तर उत्तम. पत्रिका आईकडे. हॅझेलने आईला फोन करून पत्रिका मागितली, आणि कशाला हवी हे कळावं म्हणून तुमचं मराठी निवेदन पुढे पाठवून दिलं. तुमची विनंती मेलच्या तळाशी मराठीत होती, हॅझेलला ती कळली नाही, आणि मी घरी येऊन वाचली. तोवर आईचे दोन निळे टिक पडले होते. उत्तर काही आलेलं नाही.

माफ करा. आता तुम्ही एवढं लिहिलंत तर मीही लिहितो.

मी तुम्हाला विचारलं ते कळत नव्हतं म्हणून नाही. भीती वाटली म्हणून. हॅझेलला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, भर. सुनीताबाईंसारख्या कुणाला विचारलं असतं तर तेही तेच म्हणाले असते. मी अशा माणसाला विचारलं जो नको म्हणेल. म्हणजे चूक सगळी तुमची नाही. निम्मी माझी धरा.

आणखी एक. त्यानंतर तीन पाकिटं आली होती. तुम्ही सांगितलंत तसं फोडली नाहीत. वर तारीख घालून, सील शाबूत लिहून, प्लास्टिकच्या फायलीत ठेवली. सुनीताबाई म्हणतात, ती मुळीच नेऊ नका, मुद्दाम न उघडल्यासारखं दिसेल. मी म्हटलं, मग आता उघडून बघू? हॅझेलने फाइलच काढून घेतली. म्हणते, जसं आहे तसं घेऊन जायचं आणि विचारतील ते खरं सांगायचं. घरात सुप्रीम कोर्ट बदललं आहे, मामा.

परीक्षित


नॉरफोक, २३ एप्रिल २०२५

ती. मामांस,
सा. न.

काल जाऊन आलो. बसून वाचा.

त्याच बाई होत्या. मी सगळे कागद टेबलावर ठेवले. तुमचं निवेदन, झेरॉक्स, आईने न बोलता पाठवलेला लग्नपत्रिकेचा फोटो, आणि तीन पाकिटं. त्यांनी पाकिटं आधी उचलली. वरचं इंग्रजी वाचलं. विचारलं, "सील शाबूत म्हणजे काय?"

मी स्टोअरचा नियम सांगितला. पेटी, सील, कोपरा, सगळं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी उघडू?"

मी म्हटलं, "माझ्या मामांच्या मते उघडलं की जबाबदारी तुमची."

त्यांनी कात्रीने पहिलं कापलं, २ जून २०२२ चं. आतलं वाचलं, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं, पुन्हा वाचलं. मग कागद माझ्याकडे फिरवला. त्यावर माझं नाव होतं, जन्मतारीख होती, आणि एक नोंदणी क्रमांक. आपली नोंद झाली आहे, हे कार्ड जपून ठेवा.

मामा, मी यादीत होतो. व्हिसाच्या अर्जातून नोंद झाली होती. तेव्हा माझा सोशल सिक्युरिटी नंबर निघालेला नव्हता, म्हणून नंबराने शोधल्यावर सापडत नव्हतो. ते पहिलं पत्र आणि ही नोंद वाटेत एकमेकांना चुकली. आपण ज्यासाठी दीड महिना रडलो ते कार्ड तीन वर्षं माझ्या फायलीत होतं, मी स्वतःच्या हाताने तारीख घालून ठेवलेलं.

दुसऱ्या पाकिटात त्याचीच दुसरी प्रत. तिसऱ्यात दातांच्या डॉक्टरची जाहिरात. तीसुद्धा मी लष्करी समजून जपली.

अर्ज मंजूर झाला. शपथविधी जूनमध्ये. सप्टेंबरला दोघं तिथे येतो.

तुमचं निवेदन त्यांनी वाचलंच नाही. म्हणाल्या, आता गरज नाही, आणि परत दिलं. मला वाईट वाटलं. आजवर कुणी लिहिलं नसेल इतकं चांगलं होतं ते. मी म्हटलं, निदान एकदा नजर टाका. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

म्हणजे ते वाचलं फक्त हिलरीकाकांनी, सुनीताबाईंनी, आम्ही दोघांनी. आणि आईने. आईने तुम्हाला काही लिहिलं का?

परीक्षित


लांजा, ४ मे २०२५

गणपतदादास,
मालूचा नमस्कार.

हातानेच लिहिते आहे. शेजारची भक्ती फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवेल. उघड. परीक्षितने तुझा नियम सांगितला. सील फोडल्यावर जे निघेल ते तुझं.

पत्रिका शोधायला ट्रंक काढली. पत्रिकेवर तुझं नाव छापलंय, निमंत्रकांत, बाबांच्या खाली. सगळे विचारत होते, हा कुठाय. बाबा प्रत्येकाला सांगायचे, त्याच्याशिवाय तिथलं काम अडतं. मी बोहल्यावरून ऐकत होते. अठ्ठावीस वर्षं मला वाटलं की दादाला बहिणीपेक्षा स्टोअर मोठं झालं. म्हणून तू आलास की मी चहा द्यायचे आणि आत जायचे. तू म्हणायचास, मालू कामात असते. मी कामात नसायचे.

सही करून बसला होतास तर तसं कळवायचं. मूर्ख भाऊ चालला असता मला. मोठा झालेला चालला नाही.

कानपिळीला तुझ्या जागी चुलत्यांचा सदू उभा राहिला. त्याने ह्यांचा कान इतका हळू पिळला की ह्यांना कळलंच नाही, आणि तेव्हापासून हे घरात कुणाचं ऐकत नाहीत. हा दोष मी तुझ्याच खात्यावर धरते.

परीक्षितची शपथ झाली की तो आणि सून आधी इथे येणार आहेत, ऑगस्टमध्ये, पंधरा दिवस. तेव्हा तू यायचं. सुट्टीचा कागद समोर आला की सही करण्याआधी मला फोन लाव आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखव. नाही कळलं तर नाही कळलं म्हण, हिलरीला विचार.

ह्यांना तुझं निवेदन वाचून दाखवलं. पहिल्यांदा हसले, मग पुन्हा एकदा वाचायला लावलं. मी विचारलं, दादा आल्यावर राहिलेला कान पिळायला चालेल का? म्हणाले, चालेल. फक्त डावा नको म्हणाव, डाव्यात ऐकायचं मशीन आहे.

उजवा मोकळा आहे.

मालू